दिवसाचा मेळ आणि उरलेले काम

श्रम करणारा मनुष्य समाजाला प्रिय असतो आणि ते योग्यच आहे. आळसाची थोरवी गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु अलीकडे बालाघाटातील आपल्या सभासद कुटुंबांत एक निराळेच दुःख दिसू लागले आहे. कितीही काम केले तरी ते पुरेसे झाले, असे वाटतच नाही. शाळेतून परतलेल्या शिक्षकाकडे रात्री दहा वाजता मोबाईलवर उद्याच्या माहितीची मागणी येते. बँकेतील कारकुनाला महिनाअखेरचे उद्दिष्ट झोपेतही दिसते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा जेवणाच्या पानावर अपराध्यासारखा बसतो. आरतीच्या वेळी हात जोडलेले असतात, मन मात्र कचेरीत असते. या काळजीचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, काम आणि कामाची काळजी या दोन भिन्न वस्तू आहेत. कामाने शरीर थकते व झोपेने ते पुन्हा ताजे होते. काळजी मात्र झोपच येऊ देत नाही. ती कामाचा एक कणही पुढे नेत नाही. उलट उद्याच्या कामासाठी लागणारी शक्ती आजच खाऊन टाकते. असा मनुष्य दुसऱ्या दिवशी अधिक चुका करतो, त्या निस्तरण्यासाठी अधिक वेळ बसतो, आणि आपण कमी पडतो असे समजून पुन्हा अधिक काम अंगावर घेतो. हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे ते केवळ अधिक कष्टांनी थांबत नाही.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात या विषयाचे मर्म सांगितले आहे. अतिशय खाणाऱ्याला किंवा मुळीच न खाणाऱ्याला, अतिशय झोपणाऱ्याला किंवा सदैव जागणाऱ्याला योग साधत नाही. आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागरण यांत जो प्रमाण राखतो त्याचेच दुःख दूर होते, असा त्या उपदेशाचा आशय आहे. येथे एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून निसटते. आहाराप्रमाणे कर्माचाही या गणनेत समावेश आहे. ज्याप्रमाणे अति खाणे हा गुण नव्हे, त्याप्रमाणे प्रमाण सोडून केलेले कामही गुण नव्हे.

परंतु हे प्रमाण सर्वस्वी एकट्या मनुष्याच्या हाती नसते. पोटासाठी नोकरी करणाऱ्याला ते मागून घ्यावे लागते. याचे मोठे उदाहरण आपल्या मराठी इतिहासातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि नियमित साप्ताहिक सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अशा त्यातील मागण्या होत्या. रविवार हा खंडोबाचा वार. त्या दिवशी कामगारास देवदर्शनास, कुटुंबास आणि समाजकार्यास वेळ मिळाला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. या एका दिवसासाठी सहा वर्षे लागली!

आपल्या जिल्ह्यालाही हा वारसा परका नाही. भरवेलीची मँगनीजची खाण, मलाजखंडची तांब्याची खाण यांवर येथील अनेक घरे उभी आहेत. खाणीत कोणाही कामगारास आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम करू देऊ नये, असा निर्बंध १९५२ च्या खाण कायद्याने घातला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही सहा दिवसांचे तेच तत्त्व कायम आहे. म्हणजे विश्रांती ही आळशाने केलेली चोरी नसून श्रम करणाऱ्याचा हक्क आहे, हे कायद्यानेही मानले आहे.

तो हक्क आरोग्याच्या दृष्टीनेही अगत्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्यात ५५ तास वा त्याहून अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघात व हृदयविकार यांनी मृत्यू पावली. तेव्हा घरातील कर्त्या माणसाचे रात्रंदिवस राबणे हे केवळ कौतुकाने पाहण्याचे नव्हे.

गिरणीचा भोंगा वाजला की निदान काम संपे. आता भोंगा वाजत नाही. कचेरी खिशातून घरी येते. म्हणून दिवस कोठे मिटावा, हे आपणच ठरवावे लागते. याबाबतीत आपल्या जुन्या दुकानदारांची रीत अनुकरणीय आहे. ते रात्री रोजमेळ लिहीत, रोकड जुळवीत आणि अखेरची शिल्लक दुसऱ्या दिवसाच्या पानावर ओढून वही मिटवीत. सर्व येणे वसूल झाल्याखेरीज वही मिटायची नाही, असे कोणी म्हणाला असता तर त्याची वही जन्मभर उघडीच राहिली असती! कामाचेही तसेच आहे. दिवसाच्या अखेरीस काम शून्य होत नाही. ते शिल्लक राहणारच. शिल्लक राहणे हा दोष नव्हे, ती लिहून न ठेवणे हा दोष होय. जे कागदावर उतरले ते विसरण्याचे भय राहत नाही, आणि मनाला त्याची राखण करीत जागावे लागत नाही.

येथे एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. ज्या सभेने रविवार मागितला तीत स्त्रियाही बोलल्या. परंतु आपल्या घरातील स्त्रियांना रविवार आहे काय? सुट्टीच्या दिवशी पाहुणे आणि पक्वान्ने यांमुळे त्यांचे काम दुप्पट होते. नोकरी करणाऱ्या सुनेस तर दोन पाळ्या भराव्या लागतात. घरातील एकाची विश्रांती दुसऱ्याच्या थकव्यावर उभी असेल, तर तिला प्रमाण म्हणता येणार नाही.

तरीही काळजी हटत नसेल, आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, अन्न गोड लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते मनाचे दुबळेपण समजून लपवू नये. तापासाठी आपण वैद्याकडे जातो, तद्वत यासाठीही डॉक्टरांकडे जावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

अभ्यासासाठी सभासद कुटुंबांनी पुढील नियम एक महिना पाळून पाहावेत :

१. रोज ठरलेल्या वेळी उरलेली कामे वहीत लिहावीत, उद्या प्रथम करावयाच्या कामावर खूण करावी आणि वही मिटावी. त्यानंतर खरी निकड असल्याखेरीज कामाचे निरोप पाहू नयेत.

२. वरिष्ठांनी नवे काम दिल्यास, हातातील कोणते काम मागे ठेवावे, हे त्यांनाच नम्रपणे विचारावे. ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांनी हा प्रश्न उद्धटपणा मानू नये.

३. आठवड्यातील एक वेळचा स्वयंपाक व आवराआवर घरातील पुरुषांनी व मुलांनी करावी.

४. मुलांना ‘किती गुण मिळाले?’ असे विचारण्यापूर्वी ‘झोप झाली का?’ असे विचारावे.

महिनाअखेरीस सर्वांनी एकत्र बसून या नियमांचा मेळ घालावा. जो नियम पाळता आला नाही तो टाकून न देता, शिल्लक म्हणून पुढील महिन्याच्या पानावर ओढावा.