डब्याची गिटार

दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधलेली तार छेडून पाहा. ती थरथरताना दिसते, पण आवाज जेमतेम ऐकू येतो. एवढ्या बारीक तारेने हवा ती किती हलणार? आता तीच तार एका काठीवर ताणून काठी पत्र्याच्या रिकाम्या डब्याला बसवा आणि तारेखाली डब्यावर लाकडाची लहानशी घोडी सरकवा. कंपने घोडीतून पत्र्यात उतरतात, पत्र्याचा मोठा पृष्ठभाग भरपूर हवा हलवतो आणि आवाज खणखणीत होतो.

सहारा वाळवंटातील तुआरेग स्त्रिया हेच तत्त्व इम्झाद या वाद्यात पूर्वापार वापरत आल्या आहेत. अर्धा भोपळा, त्यावर ताणलेले कातडे आणि घोड्याच्या केसांची एकच तार. आपल्या एकतारीची बहीणच म्हणा, फक्त ही गजाने वाजवतात.

इब्राहीम अग अल्हाबीब या तुआरेग मुलाने मात्र डबाच घेतला. माली देशातील १९६३ सालच्या बंडात त्याचे वडील मारले गेले आणि तो निर्वासित होऊन अल्जीरियात वाढला. चित्रपटात गिटार पाहून त्याने डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांची गिटार केली. ब्रेकची तार म्हणजे पिळलेल्या बारीक पोलादी तारांचा दोर. पोलाद मोठा ताण सहन करते, आणि ताण वाढवला की स्वर चढतो.

१९७९च्या सुमारास त्याने सोबत्यांसह ‘तिनारिवेन’ म्हणजे ‘वाळवंटे’ हा गट उभारला. कोरी कॅसेट आणून देणाऱ्याला ते गाणी फुकट ध्वनिमुद्रित करून देत. कॅसेटवरून कॅसेट होत गाणी सहाराभर गेली. चुंबकीय फितीच्या प्रत्येक नकलेत खरखर वाढते. तरी लोक ऐकतच राहिले, कारण त्या गाण्यांत त्यांच्याच निर्वासितपणाची हकीकत होती.

पुढे बाहेरच्या जगाने या संगीताला ‘वाळवंटी ब्लूज’ असे नाव दिले. २०१२ साली तिनारिवेनला अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी उत्तर मालीत सशस्त्र गटांनी संगीतावरच बंदी घातली! परदेशी रंगमंचांवर टाळ्या घेणारी गाणी मायभूमीत वाजवणे धोक्याचे झाले.

कॅसेटची जागा नंतर मोबाइलमधील मेमरी कार्डाने घेतली. अंकीय नकलेत खरखर वाढत नाही. मात्र फुकट नकलेतून गायकाच्या हाती पैसा येत नाही, हे जुनेच दुखणे राहिले. नायजर देशातील म्दू मोक्तार याची गाणी अशीच फोनवरून फोनवर पसरली. आज तो देशोदेशी गिटार वाजवतो. त्याच्याही पहिल्या गिटारीला सायकलच्या ब्रेकच्याच तारा होत्या.