सुकं खोबरं आणि जन्माचा दाखला

बॅग काट्याला अडकवून उचलली, तर आकडा २७.४ किलोवर थांबला. मर्यादा २३ ची. मनू म्हणाली, "काटा बिघडलाय."

"काटा ठणठणीत आहे. बॅग उघड."

मनू माझी भाची. ती, जावई आणि पाच वर्षांची ओवी पुढच्या महिन्यात जर्मनीला, श्टुटगार्टला राहायला चाललेत. मी तिथे अकरा वर्षं संसार करून पुण्याला परत आले, एवढ्या भांडवलावर घरादाराने मला तज्ज्ञ नेमलंय. एरवी माझं कोणी ऐकत नाही, म्हणून मीही ही संधी सोडली नाही.

वरच्याच थरात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. दोन किलो.

"हे आधी बाहेर," मी म्हटलं.

"अगं, आईने काल मंडईतून निवडून आणलंय."

"आईला सांग, आमटीत घाल. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं. विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. बॅगेत दिसलं की विमानतळावर बॅग उघडायला लावतात आणि मग भर रांगेत तुझ्या साड्या जगाला दिसतात."

"किसून नेलं तर?"

"किसलं म्हणून त्याचं तेल जातं का? तिथे कुठल्याही सुपरमार्केटात केकच्या सामानाच्या फळीवर खोबऱ्याचा कीस मिळतो. भाजून घे, वाटणाला चालतो."

त्याखाली तुपाची बरणी होती, चिकटपट्टीचे सात वेढे घातलेली. मला खरंच वाईट वाटलं. पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, पनीर, आंबा बर्फी, सगळं त्यात आलं.

"मग वरणभातावर काय घालू, ऑलिव्ह ऑइल?"

"लोणी आण आणि कढव. बिनमिठाच्या लोण्याची २५० ग्रॅमची वडी मिळते. चार वड्या मंद आचेवर ठेवल्या की पाऊण किलोच्या वर तूप होतं. खाली बेरीसुद्धा राहते. ओवीला साखर घालून दे."

"आणि ही खसखस? हीसुद्धा नाही म्हणशील."

"जर्मनीला खसखस परकी नाही, ते लोक खसखशीचे केक खातात. पण तुमचं विमान कुठून जातंय?"

"दुबईहून. स्वस्त पडलं."

"मग काढ ती. अमिरातींत खसखशीवर बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी ना ते. बॅग परस्पर पुढे जाईलही, पण मध्ये कनेक्शन चुकलं, बॅग हातात घेऊन बाहेर पडावं लागलं, तर तिथल्या अधिकाऱ्याला अनारसे म्हणजे काय ते समजावत बसशील."

मनूने मुकाट्याने खसखस काढली आणि अनारशांचा डबाही उघडून वास घेतला. डबा आईकडेच राहिला.

"म्हणजे खायचं काही न्यायचंच नाही?"

"ने की. जे तिथे मिळत नाही तेच ने. तूरडाळ, तांदूळ, हळद, जिरं यांत वजन घालवू नकोस, भारतीय दुकानात आणि तुर्की दुकानात सगळं मिळतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि आमसुलं मात्र घे, प्रत्येकी अर्धा किलो. हिंग दोन पिशव्यांत बांध, नाहीतर ओवीच्या स्वेटरला वर्षभर फोडणीचा वास येईल. आणि पोळ्यांचं पीठ बघून घ्यायचं. तिथे पिठाच्या पुड्यावर आकडा असतो. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा. पहिल्या आठवड्यात मी त्याच्या पोळ्या केल्या. तुझ्या काकांनी काही न बोलता दोन खाल्ल्या आणि बाहेर जाऊन ब्रेड आणला."

दुसरी बॅग स्वयंपाकघराची. कुकर, मिक्सर, पोळपाट, सोऱ्या, मोदकपात्र. या बॅगेवर आमचं खरं भांडण झालं.

"मिक्सर चालेल ना? सगळे म्हणतात अमेरिकेत चालत नाही."

"अमेरिकेत १२० व्होल्ट. जर्मनीत आपल्यासारखेच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, तेव्हा मिक्सर बिनघोर ने. फक्त आपली तीन पिनांची प्लग तिथल्या गोल सॉकेटात बसत नाही. प्रत्येक वस्तूला अडॅप्टर घेण्यापेक्षा इथला एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड ने आणि त्याच्या वायरीला तिथली अर्थिंगवाली प्लग बसवून घे. बल्ब मात्र नेऊ नकोस."

"बल्ब कोण नेतं?"

"तुझे सासरे. परवा फोनवर सांगत होते की एलईडीचे बारा घेऊन ठेवलेत. आपला बल्ब खाचेत अडकवायचा असतो, तिथला आट्यांचा, फिरवून बसवायचा. बाराच्या बारा फुकट."

मनू हसली, पण तिने फोनमध्ये नोंद करून ठेवली.

"बरं, कुकर?"

"हा कसला आहे? ॲल्युमिनियमचा? तिथे गॅस क्वचित. काचेची शेगडी असते, आणि ती इंडक्शन निघाली तर हा कुकर तिच्यावर शोभेला ठेवायचा. स्टीलचा, सपाट आणि इंडक्शनच्या बुडाचा घे. घेतानाच लोहचुंबक लावून बघायचा, चिकटला तर चालणार. लोखंडी तवा चालतो, पण बुडाशी खोलगट नको. पोळपाट लाकडी ने. हा संगमरवरी इथेच ठेव, अडीच किलोचं धूड आहे. सोऱ्या आणि मोदकपात्र घे, ते तिथे कोणाकडे मागायचं? विळी, अडकित्ता चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही."

"शेगडी घरमालक देईल ना?"

इथे मी जरा थांबले, कारण हे कोणी आधी सांगत नाही. जर्मनीत भाड्याचं घर बऱ्याचदा अगदी बोडकं मिळतं. ओटा, शेगडी, सिंक, कपाटं सगळं आधीचा भाडेकरू उचलून नेतो. छतातून नुसत्या दोन वायरी लोंबत असतात. सुरुवातीचे महिने कंपनीने दिलेल्या सजलेल्या घरात जातात, म्हणून कळत नाही. पुढच्या घराला ओटा आहे की नाही, हे करारावर सही करण्याआधी विचारायचं असतं. आम्ही विचारलं नव्हतं. पाच आठवडे आमचा स्वयंपाक इस्त्रीच्या टेबलावर ठेवलेल्या एका शेगडीवर चालला होता.

चादरींचा गठ्ठा मी न विचारताच बाजूला ठेवला. तिथली उशी ८० बाय ८० सेंटीमीटरची, चौकोनी. आपला अभ्रा तिला होत नाही. थंडीचे कोटही तिथेच घ्यायचे. लक्ष्मी रोडच्या स्वेटरवर विमानतळापासून घरापर्यंत निभावतं, जानेवारीत नाही. आणि त्या हवा काढायच्या पिशव्यांनी बॅगेत जागा होते, वजन एक ग्रॅमही कमी होत नाही. इतकं साधं गणित, पण इंजिनिअर माणसंही त्यात फसतात.

ओवी एवढा वेळ तिच्या गोधडीवर बसून ऐकत होती. पणजीच्या लुगड्यांची गोधडी, एका कडेला हिरव्या काठाचा तुकडा, त्याचा धागा ओवी झोपताना बोटाला गुंडाळते. वजन १.८ किलो.

"ही जड आहे," मनू म्हणाली, "पण..."

"ही विमानात हातात. पहिल्या रात्री कुकर लागणार नाही, ही लागेल."

आता कागद. मनूने एक प्लास्टिकचा फोल्डर दाखवला. त्यात पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, लग्नाचं प्रमाणपत्र आणि ओवीचा जन्मदाखला होता.

"लसीकरणाचं कार्ड?"

"हे काय." कार्डावर डॉक्टरांच्या अक्षरात आडव्यातिडव्या रेघोट्या.

"हे कोणाला वाचता येणार? १ मार्च २०२० पासून जर्मनीत गोवराची लस घेतल्याचा पुरावा असल्याशिवाय मुलाला बालवाडीत किंवा शाळेत घालताना अडतं. दोन वर्षांपुढच्या मुलाला दोन डोस लागतात. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत, लशीचं पूर्ण नाव आणि तारखा घालून लिहून आण. नेहमीच्या औषधांचंही तसंच, कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव हवं. औषधं स्वतःपुरती, फार तर तीन महिन्यांची. चष्म्याची जोडी जास्तीची करून घे आणि दात इथेच दाखवून जा. आणि हे साबुदाण्याच्या गोळ्यांचे डबे कोणाचे?"

"होमिओपॅथीचे. बाबांनी दिलेत."

"होमिओपॅथीचा जनक हानेमान जन्मला जर्मनीत, माइसेनला. बाबांना सांग, उलटी गंगा वाहायला नको."

जावयाच्या लायसन्सची चौकशीही करून घेतली. आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. दागिन्यांबद्दल एवढंच सांगितलं की न्यायचेच असतील तर निघताना कस्टमकडून निर्यातीचं प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना ते तुमचेच, हे पटवत बसावं लागत नाही.

"झालं?" मनू फोल्डर मिटायला लागली.

"तुझा जन्मदाखला कुठे आहे?"

"माझा? माझा कशाला? दहावीचं सर्टिफिकेट आहे की. आजवर सगळीकडे तेच चाललं."

"इथे चाललं. उद्या तिथे ओवीच्या पाठीवर बाळ झालं तर त्याची नोंद करताना आईबापांचे जन्मदाखले मागतात. लग्नाचं प्रमाणपत्रही."

आम्ही तिथे होतो तेव्हा माझा दाखला माझ्याकडे होता. पण आमच्या गावच्या कार्यालयातून आलेल्या त्या दाखल्यावर आईचं नाव होतं, वडिलांचं होतं, तारीख होती. माझ्या नावाच्या जागी मात्र एक आडवी रेघ. बारशाआधी नोंद केलेली, पुढे नाव घालायला कोणी गेलंच नाही. शिवाय पासपोर्टावर माझ्या नावामागे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, तर दाखल्यावर माहेरचं. आमच्या धाकट्याचा जन्म झाला तेव्हा नोंदणी कचेरीतल्या बाई दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिल्या. नवऱ्याचं नाव म्हणजे माझं दुसरं नाव असं त्या धरून चालल्या होत्या, आणि ही रेघ म्हणजे कोण, हे त्यांना कळेना. त्यांची काही चूक नव्हती. पक्का दाखला हाती यायला सात महिने लागले. तोवर एका तात्पुरत्या उताऱ्यावर काम चालवलं, आणि माझे वडील वयाच्या सत्तराव्या वर्षी गावी खेटे घालत राहिले.

"मग आता काय करू?"

"उद्या आईला घेऊन पालिकेत जा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली नाव पहिल्या वर्षात फुकट घालता येतं, नंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. त्यापुढच्यांसाठी मुदत अधूनमधून वाढवून मिळते, तिथे विचारायचं. आणि तुझं माहेरचं नाव न् सासरचं नाव एकाच बाईचं आहे, हे दाखवणारं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र करून घे."

"आणि ओवीच्या बाबांचा?"

"त्यांचाही. सासऱ्यांना म्हणावं, बल्ब ठेवा आणि दाखला शोधा."

निघताना पुन्हा बॅग काट्याला लावली. २२.६. मनूने उरलेल्या चारशे ग्रॅमकडे बघितलं आणि आमसुलांची एक पिशवी आणखी कोंबली.

चार दिवसांनी तिचा फोन आला. दाखला मिळाला होता. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलगी'.

तुमच्याही घरी कोणी निघालं असेल, तर बॅग आणायच्या आधी सगळ्यांचे जन्मदाखले काढून नावाचा रकाना तेवढा बघून घ्या.