जेट स्की पाण्यात कमावते, पण पैसा ट्रेलरवर बुडतो

देवबाग, तारकर्लीकडच्या बऱ्याच मुलांचा एकच प्रश्न असतो, "सर, जेट स्की घेऊ का? हप्ता निघेल ना?" हप्ता निघेल. पण हप्ता निघाला म्हणजे धंदा चालला असं नाही. हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय.

मी आणि माझ्या मावसभावाने भागीदारीत जुनी जेट स्की घेतली, सोबत ट्रेलर. मशीनला रोज पुसायचो, ट्रेलरकडे कोणी बघत नव्हतं. २४ डिसेंबरला भर रस्त्यात ट्रेलरच्या चाकाचं बेअरिंग जाम झालं. नाताळचा पूर्ण आठवडा मशीन घरी, घेतलेले ॲडव्हान्स परत. बेअरिंगची किंमत किरकोळ होती. आठवडा किरकोळ नव्हता. भाऊ महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, कारण ग्रीस भरायचं काम माझ्याकडे होतं.

मशीन आधी समजून घ्या

जेट स्की आणि जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. आतला इम्पेलर खालून पाणी ओढतो आणि मागच्या नोझलमधून जोरात फेकतो. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात तिथल्या उथळ नद्यांसाठी अशा बोटी विकसित केल्या. पण उथळ पाण्यात चालते म्हणजे वाळूवर चालते असं नव्हे! ओहोटीला कर्लीच्या खाडीत कडेलाच इंजिन सुरू केलंत, तर पंप पाण्यासोबत वाळू ओढणार. इम्पेलर आणि त्याभोवतीची वेअर रिंग घासते, मधली फट वाढते. मग इंजिन ओरडतं, पण वेग मिळत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. म्हणून किमान कमरेएवढ्या पाण्यात ढकलत न्या, मगच चावी फिरवा.

आणखी एक. थ्रॉटल सोडला की हँडल फिरवूनही मशीन नीट वळत नाही, कारण वळवणारा पाण्याचा झोतच नसतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा. इथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे.

रोज संध्याकाळी: गोडं पाणी

खारं पाणी आत ठेवून झोपू नका. फ्लशिंगचा क्रम बहुतेक मशीनना असा असतो: आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात शिरू शकतं. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदच चालवा. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल एकदा वाचाच.

ट्रेलर: दुर्लक्षित भागीदार

रस्त्यावरून आलं की चाकाचा हब तापलेला असतो. तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. म्हणून:

- पाण्यात उतरवण्याआधी हब थंड होऊ द्या. दिव्यांची वायर काढून ठेवा.
- प्रवासात मध्ये थांबून दोन्ही हब हाताने तपासा. एक जास्त गरम वाटला तर पुढे जाऊ नका.
- ग्रीस दुधासारखं पांढरट दिसलं, तर आत पाणी गेलंय. बेअरिंग उघडून साफ करा.
- बेअरिंग, सील, ग्रीस आणि जॅक गाडीत कायम ठेवा.

आता हिशेब

आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा मशीन आणि ट्रेलर १२ लाखांना पडले, ५ वर्षांनी ४ लाखांना विकले जातील. म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजारांची झीज. देखभाल वर्षाला १ लाख २० हजार. एकूण २ लाख ८० हजार. मीटरवर वर्षाला ४०० तास झाले, तर तासाला ७०० रुपये. तासात ६ फेऱ्या धरल्या तर फेरीमागे साधारण ११७ रुपये. यात पेट्रोल नाही, पगार नाही, विमा नाही, व्याज नाही.

शेजारचा १०० रुपयांनी रेट पाडतो तेव्हा तुम्हीही पाडता. ते १०० रुपये नफ्यातून जात नाहीत, पुढच्या मशीनमधून जातात. रोज रात्री मीटरचे तास बघा आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्याला हात लावायचा नाही.

पावसाळ्यात

धंदा बंद, पण मशीनला सुट्टी नाही. शेवटचं फ्लशिंग करा. टाकी भरून त्यात फ्युएल स्टॅबिलायझर घाला, कारण पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं. बॅटरी काढून अधूनमधून चार्ज करा. ट्रेलर ठोकळ्यांवर उचलून ठेवा. आणि उंदरांचा बंदोबस्त करा, वायर त्यांना फार आवडते!

गृहपाठ: आज तुमच्या मशीनचा तासाचा खर्च काढा आणि भागीदारासमोर वहीत लिहा. कोणतं काम कोणाचं, तेही नावासकट लिहा. आमच्या वहीत आता "ग्रीस" या शब्दासमोर माझं नाव आणि तारीख असते. भाऊ दर महिन्याला तपासतो. आणि हो, बोलतोही!