पीटीचा तास कुणी घेतला?



मागच्या रविवारी आमच्या भागात एका नेत्याच्या नावाच्या चषकासाठी कबड्डीचे सामने झाले. सातवीतला माझा मुलगा शाळेच्या संघात होता. घरी आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "आई, साहेब भाषणात म्हणाले, मुलांनी रोज मैदानावर गेलं पाहिजे. पण आमचा पीटीचा तास तर गणिताला जातो. त्यांना हे माहीत नसेल का?"

मला बोलता येईना. कारण चाचणी जवळ आल्यावर 'पीटीच्या तासाला गणित घ्या' अशी विनंती पालकसभेत करणाऱ्यांमध्ये मीही होते.

आपली मुलं चौकाचौकात नेत्यांचे फोटो बघत मोठी होतात. कुणी ट्रॅकसूटमध्ये, कुणी बॅट धरून, कुणी योगासन करताना. त्यावर घरात आपण एक तर भारावून बोलतो, नाही तर 'सगळे सारखेच' म्हणून मोकळे होतो. दोन्हींमुळे मुलाचा विचार तिथंच थांबतो. स्पर्धा भरवणं हे चांगलंच काम आहे. त्या दिवशी माझा मुलगा पहिल्यांदा मॅटवर खेळला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण मुलांना पुढचं बघायलाही शिकवू या. मंडप निघाल्यावर मैदानातले खड्डे बुजवले का? खेळायला येणाऱ्या मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? पुढच्या सोमवारी तिथं मुलं खेळतात, की गाड्या उभ्या असतात? माणसाचं काम असं, सोमवारी जाऊन पाहायचं असतं.

खरं काम कसं असतं, याची एक गोष्ट आहे. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस आपण राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानानं १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना पाठवायला पैसे कमी पडत होते, तेव्हा गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. खेळाडूमागे उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना त्यातून कळेल.

आपल्याला घर गहाण टाकायचं नाही. आठवड्यातले खेळाचे दोन-तीन तास सांभाळायचे आहेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मैदान आणि खेळाचं साहित्य शाळेच्या निकषांत घातलं आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील, तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असंही त्यात आहे. म्हणजे आपण मागतो आहोत ते मुलांच्या हक्काचंच आहे.

आणि दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांविषयी. मेहनतीनं खेळणाऱ्या मुलाला ते मिळावेतच. पण नववीपर्यंत मैदान बंद ठेवायचं आणि मग गुणांसाठी प्रमाणपत्राच्या मागे लागायचं, असं करू नका. अशा घाईतून खोट्या प्रमाणपत्राचा मोह होऊ शकतो, आणि त्यात खरं खेळणाऱ्या मुलावर अन्याय होतो. शिवाय तालुक्याच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्या मुलालाही खेळ खूप काही देतो. पडून उठणं, पंचाचा निर्णय मानणं, जिंकलेल्या मुलाशी हात मिळवणं हे त्याला वहीत लिहून येत नाही.

मग काय करायचं? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. तिथं वेळापत्रक मागून घ्या आणि खेळाचा तास खरंच होतो का, हे विचारा. पीटीच्या सरांना किंवा बाईंना काय कमी पडतं, ते विचारा. मग चार पालकांनी मिळून नगरसेवकाकडे, आमदाराकडे, खासदाराकडे जा. प्रत्येक खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. त्यातून खेळाच्या सोयीही करता येतात. आदरानं जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि महिन्यानं पुन्हा जा. मुलालाही सोबत न्या. फोटोतला माणूस प्रत्यक्ष ऐकून घेतो का, हे त्याला स्वतः बघू दे.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला आता सापडलं आहे. साहेबांना माहीत नसेल, तर आपण सांगायला हवं. पण त्याआधी मला शाळेत जायचं आहे. माझी ती विनंती मी मागे घेणार आहे. गणित राहिलं, तर संध्याकाळी घरी मी त्याच्याजवळ बसेन.