भाच्याला, जिप्सीच्या वायरिंगबद्दल

जिप्सी घेतलीस, चांगलं केलंस. आता टायर आणि सस्पेन्शनच्या मागे धावण्याआधी वायरिंगला हात घाल, लेका. रॅलीत गाडी बंद पडते तिथे शेजारी वायरमनचं दुकान नसतं. पावसात, टॉर्चच्या उजेडात, तुझ्या नॅव्हिगेटरला दोष पाच मिनिटांत सापडला पाहिजे. सगळं वायरिंग ह्या एका हिशोबाने कर.

गाडी सांगलीत बरीच वर्षं होती म्हणतोस, म्हणजे पहिली शंका पुराची. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१च्या जुलैत तिने पुन्हा पन्नाशी ओलांडली. त्या पाण्यात बुडालेल्या किती गाड्या धुऊन-पुसून, नवा रंग मारून विकल्या गेल्या असतील! सीटखालचा गाळ धुता येतो, वायरच्या आत शिरलेलं पाणी नाही. ते तारांच्या बारीक फटींतून कव्हरच्या आत वर चढत जातं. म्हणून कपलरपाशी बघून समाधान मानू नकोस. वीतभर मागे कव्हर सोल. तांबं लालसर चमकलं तर ठीक. काळं किंवा हिरवं निघालं तर ती वायर गेली. तशा तांब्यावर डाग बसत नाही आणि थिंबल धरत नाही. जोड देऊन ती वाचवायच्या फंदात पडू नकोस.

पण जुना हार्नेस एका दुपारी ओरबाडून काढू नकोस. कितीही सडका असला तरी तुझ्या गाडीचा तोच नकाशा आहे. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांध, फोटो काढ, मग अख्खा हार्नेस जमिनीवर पसरून कागदावर उतरव. शर्यतीच्या गाडीला काय लागतं ते त्या कागदावरच ठरव. कार्ब्युरेटरचं ९७० सीसी इंजिन आणि मेकॅनिकल पंप असेल तर इंजिनाला हवंय किती? इग्निशन, सेल्फ आणि चार्जिंग. त्यावर दिवे, वायपर, हॉर्न, मीटर. टेप आणि आधीच्या मालकांनी जोडलेली शोभेची लायटिंग, सगळं काढून टाक. नसलेली वायर कधी तुटत नाही.

आता अर्थ. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण पोरं पॉझिटिव्हला जीव लावतात आणि निगेटिव्ह कुठल्याही रंगवलेल्या बोल्टखाली दाबतात. जेवढा करंट जातो तेवढाच परत यायचा असतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चॅसीपासून तुटलेलं. इंजिन ते चॅसी जाडजूड पट्टी नसेल, तर सेल्फ मारताना करंट मिळेल त्या वाटेने घरी येतो: अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. ती केबल गरम लागली, तिचं कव्हर वितळलेलं दिसलं, तर लोक केबल बदलत बसतात आणि दोष तिथेच राहतो. म्हणून बॅटरी ते चॅसी एक, चॅसी ते इंजिन दुसरी, अशा दोन पट्ट्या टाक. रंग खरवडून उघडं लोखंड काढ, दातेरी वॉशर घाल, बोल्ट आवळ, मग वरून पेट्रोलियम जेली लाव. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर अर्थ कच्ची आहे, पुन्हा खोल.

कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची भंगारातून बनवलेली छोटी जीप तू पाहिलीस ना, जिच्या बदल्यात त्यांना २०२२मध्ये महिंद्राची बोलेरो मिळाली? तिला दुचाकीसारखी किक आहे. तुझ्या जिप्सीला नाही. तेव्हा सेल्फच्या केबलमध्ये पैसे वाचवू नकोस. बॅटरी मागे हलवणार असशील तर अंतर वाढतं, म्हणून केबल आणखी जाड घे.

दिव्यांचा हिशोब सोपा आहे. १०० वॅटचे दोन दिवे म्हणजे बारा व्होल्टवर साधारण १७ अँपिअर. एवढा करंट चार मीटर एक एमएमच्या वायरने नेलास, तर वाटेतच सव्वा व्होल्टच्या आसपास गळतो. अडीच एमएममध्ये तो अर्ध्या व्होल्टवर येतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांनी पडतो. यवतेश्वरच्या घाटात रात्री तुला हा फरक डोळ्यांनी कळेल. हा भार डॅशबोर्डच्या स्विचवर टाकू नकोस, रिले घाल: ३० नंबरवर बॅटरी, ८७वर दिवा, ८५ आणि ८६ कॉइलचे. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. तो वायर वाचवायला असतो, त्यामुळे फ्यूजचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरव. चार दिवे लावायचा विचार असेल तर आधी अल्टरनेटरवरची पाटी वाच.

थिंबल चांगल्या पकडीने दाब. डाग देऊ नकोस, कारण कथील तारांत वर चढून वायर ताठ करतं आणि हादऱ्याने ती नेमकी तिथेच तुटते. पत्र्यातून वायर जाईल तिथे ग्रोमेट हवाच. सायलेन्सर आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब, हातभर अंतराने क्लॅम्प, आणि इंजिनाकडे जाताना थोडी सैल ठेव, इंजिन हलतं. महाबळेश्वरचा पाऊस आणि म्हसवडची धूळ एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. तुझ्या गाडीला दोन्ही सोसायचंय. कपलरचं तोंड खाली ठेव आणि त्याच्या आधी वायरला खाली झोळ दे, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

मेन कट-ऑफ स्विच नियमासाठी लावतोयस असं समजू नकोस, तुझ्या जिवासाठी लाव. नुसती बॅटरी तोडणारा स्विच चालणार नाही. इंजिन चालू असताना अल्टरनेटर इग्निशनला करंट देत राहतो आणि इंजिन थांबतच नाही. इग्निशनही तोडणारा आणि अल्टरनेटरचा उरलेला करंट रेझिस्टरमधून अर्थला सोडणारा, जादा टोकांचा स्विच घे. तो पट्टा बांधलेल्या तुला आतून आणि धावत आलेल्या माणसाला बाहेरून ओढता आला पाहिजे. बाहेर निळा त्रिकोण, पांढरी कड, आत लाल वीज, पाया किमान १२ सेंटिमीटर. एफआयएची ही खूण जगभरचे मार्शल ओळखतात.

पहिल्यांदा बॅटरी थेट जोडू नकोस. सगळे फ्यूज काढ, स्विच बंद ठेव, आणि निगेटिव्ह खांब आणि केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब जोड. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे; जळेल तो बल्ब, तुझा हार्नेस नाही. बल्ब विझलेला असेल तर एकेक फ्यूज घालत जा. मग बल्ब काढून केबल नीट आवळ, इंजिन चालू कर, सगळे दिवे लाव आणि बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात का बघ. दहा मिनिटांनी इंजिन बंद करून प्रत्येक जोडाला हात लाव. जो गरम लागेल तो कापून नवा कर.

नकाशाची लॅमिनेट केलेली प्रत फ्यूजच्या डब्याशेजारी चिकटव, वायरच्या दोन्ही टोकांना तेच नंबर घाल. मग नॅव्हिगेटरला गॅरेजवर बोलव, त्याच्या नकळत एक फ्यूज काढून ठेव, आणि दिवे बंद करून हातात फक्त टॉर्च देऊन त्याला शोधायला लाव. तो अडखळेल तिथलं लेबल बदल. माझी क्रिम्पिंगची पक्कड येऊन घेऊन जा.