तगादा लावण्याआधी

धारला माझे मामा आजोळचा कुलवृत्तांत लिहीत होते. पवारांच्या चाकरीत माळव्यात आलेलं घराणं, कोण कुठे कारकून होतं, कुणाची मुलगी कुठे दिली, असा सगळा मजकूर. धार-देवासात मराठी जुळणी करून देणारा आता शोधावा लागतो. दुकानं कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये हिंदी बडवतात आणि ‘ळ’ आला की थबकतात. म्हणून मामांनी लिबरऑफिस हे लिखाणाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, तसाच एक फुकटचा फॉन्ट घेतला आणि देवासला मला फोन करून सांगितलं, की मुद्रितं तू तपासायची.

घोटाळा झाला तो ‘वऱ्हाड’ आणि ‘कऱ्हाडे’ या शब्दांवर. पीडीएफ केली की ‘ऱ’चा पाय मोडलेला दिसे आणि पुढचं अक्षर सुटं पडे. मामांनी त्याऐवजी साधा ‘र’ टाकून पाहिला, तर रफार झाला आणि मुंजीतल्या आचाऱ्याला दिलेलं उपरणं आचार्याला जाऊन पोचलं. मामा भडकले. त्यांनी लिबरऑफिसच्या तक्रारनोंदीत इंग्रजीत लिहिलं, की मराठी येत नसेल तर मराठी चालतं असं सांगता कशाला, आठ दिवसांत दुरुस्त करा. उत्तर येईना, तेव्हा तोच मजकूर पुन्हा पुन्हा. शेवटी कुणीतरी दोन ओळी लिहिल्या: आम्ही हे नोकरी सांभाळून करतो, चूक कुठे आहे ते दाखवा, नाहीतर दुरुस्ती करून पाठवा. आणि तक्रार बंद.

“अरे, फुकट दिलं म्हणून काय कसंही द्यायचं?” मामा म्हणाले. “आणि सत्तरीच्या माणसाला सांगतात, तूच दुरुस्त कर!”

दुसरं वाक्य मला पूर्ण पटतं. ‘दुरुस्ती पाठवा’ हे उत्तर या जगात सर्रास दिलं जातं, ते खोटंही नसतं, पण ज्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखंच ते आहे. पहिल्या वाक्याचं काय करायचं? उतरवून घेताना आपण जो वाचत नाही, त्या परवान्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की आहे तसं देत आहोत, कसलीही हमी नाही. दुकानदार नाही, म्हणजे गिऱ्हाईकही नाही. आठ दिवसांची मुदत घालायची कुणाला?

याचा अर्थ गप्प बसा असा नाही. जर्मनीत बसून काम करणाऱ्याला ‘वऱ्हाड’ कसं दिसायला हवं हे कळणार कुठून? स्क्रायबस या पानं लावायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं आपली जोडाक्षरं फुटत होती. ते सुधारायला मोठा हात लागला ओमानमधल्या स्वयंसेवकांचा. अरबी लिपीपायी त्यांचंही अडत होतं. ते काम असलेली पक्की आवृत्ती, 1.6, 2024 च्या जानेवारीत आली, आणि अरबीच्या निमित्ताने देवनागरीचंही भलं झालं. त्यांचं अडलं तेव्हा ते कामाला लागले. आपण बहुतेकदा नुसते चिडतो.

तक्रार करायचीच, तर आधी चूक कुणाची ते शोधा. कळ दाबल्यापासून कागदावर अक्षर उमटेपर्यंत मजकूर चार हातांतून जातो: कीबोर्ड, फॉन्ट, अक्षरं जोडणारी यंत्रणा आणि मग ऑफिस. लिबरऑफिसमध्ये ती जोडणी ‘हार्फबझ’ करतं. क्रोम आणि अँड्रॉइडमध्येही तेच आहे. प्रत्येक ठिकाणची माणसं वेगळी. परीक्षा सोपी आहे. तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकून बघा. मी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ लावला आणि वऱ्हाड जागेवर आलं. म्हणजे खोट आधीच्या फॉन्टमध्ये होती, आणि मामा ज्यांना झोडपत होते त्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

आपण नेमकं काय वापरतो हेही बघावं. देवासकराला हे समजावून सांगावं लागू नये: एके काळी एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे, दोन कारभार, अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर तो तिथेच पडून राहायचा. 2010 च्या सप्टेंबरात ओपनऑफिसमधल्या बऱ्याच जणांनी ओरॅकलच्या छायेतून बाहेर पडून लिबरऑफिस उभं केलं. जुनं ओपनऑफिस पुढे अपाचे फाउंडेशनकडे गेलं; ते आजही मिळतं, पण नवं काम बहुतेक लिबरऑफिसमध्येच होतं. आमच्या गणेशोत्सवाची स्मरणिका करणारे काका एका पातीचं सॉफ्टवेअर वापरून दुसऱ्या पातीकडे दाद मागत होते.

मग लिहायचं काय? आवृत्तीचा आकडा, फॉन्टचं नाव, विंडोज की लिनक्स, बिघडलेला शब्द (चित्रात आणि टंकलेला, दोन्ही) आणि तो कसा दिसायला हवा, हे पाच ओळींत मावतं. ‘अर्जंट’ लिहू नका. ‘हिंदी नीट चालतं, मराठीचाच द्वेष का’ हे तर मुळीच नको; हिंदीत हा ‘ऱ’ लागतच नाही.

तगाद्याचं मला वाटणारं भय मात्र निव्वळ सभ्यतेपुरतं नाही. एक्सझेड नावाचं फाइली आवळून ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स सर्व्हरांवर असतं. ते सांभाळणारे लासे कोलिन यांनी 2022 मध्ये उघड लिहिलं होतं, की मनःस्वास्थ्य बरं नाही आणि हे बिनपगारी काम आहे. तरी काही नावांनी टोचणी चालूच राहिली: काम रखडलंय, दुसऱ्याच्या हाती द्या. ती नावं बनावट असावीत असं आता मानलं जातं. त्याच सुमारास मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ या नावाकडे अधिकार गेले, आणि 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या दोन आवृत्त्यांत चोरदार निघालं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते पकडलं गेलं. थकलेल्या माणसाला रोज टोचत राहणं हे तिथे चोरीचं हत्यार झालं. आपण रागाच्या भरात लिहितो ते त्या माणसाच्या टपालात याहून वेगळं दिसत नाही.

फॉन्ट करणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. आता लक्ष देणं जमत नसेल, तर पहिल्याच पानावर तसं लिहून टाका. सहा महिने मौन आणि मग तुटक उत्तर, यापेक्षा ते बरं.

आणि छपाईची तारीख ठरलेली असेल तर दुरुस्तीची वाट बघू नका. फॉन्ट बदला, किंवा पैसे देऊन जाणकाराकडून काम करून घ्या. मामांचे फर्मे ‘मुक्ता’त छापून झाले, त्यानंतर, ज्याला चूक कळवली होती त्या आधीच्या फॉन्टवाल्याचं उत्तर आलं: असे आणखी शब्द असतील तर पाठवा. मामांनी कुरकुरत, पण वंशावळीतून वेचून, दोन पानं शब्द पाठवले आणि खाली स्वतःच्या हाताने आवृत्तीचा आकडा लिहिला.