जलरंगात आपल्या गावचे घर
(चित्रकला : इयत्ता ६ वी व ७ वी)

‘घर काढा’ असे सांगताच वर्गातील बहुतेक मुले दोन डोंगर, मधे उगवता सूर्य आणि त्रिकोणी छपराचे घर काढतात. ते घर त्यांनी पाहिलेले नसते. पाठ केलेले असते. एकोडीसारख्या (ता. साकोली) गावात मातीच्या भिंतींची, कवेलूंच्या छपराची व पुढे सपरी असलेली घरे अद्याप आढळतात, परंतु त्यांच्या जागी सिमेंटची घरे येत आहेत. म्हणून हा पाठ आताच घेणे अगत्याचे आहे. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी आपल्या राहत्या कोटितीर्थाच्या परिसरातील दृश्ये वारंवार रंगविली. विषयासाठी दूर जावे लागत नाही, हे त्यावरून दिसते.

साहित्य : जाड कागद, पेन्सिल, पिवळा, तांबडा व निळा रंग, जाड व बारीक कुंचला, पाण्याची दोन भांडी (एक कुंचला धुण्यास, दुसरे रंगासाठी), चिंधी.

पाठाचा क्रम :

१. सकाळच्या उन्हात एक बाजू उजेडात व दुसरी छायेत असलेले घर निवडावे. घरमालकाची अनुमती घ्यावी.

२. दहा मिनिटे केवळ निरीक्षण. छपराचा उतार किती? भिंतीपेक्षा छप्पर उंच दिसते की कमी? सर्वांत गडद जागा कोणती?

३. फिकट रेखाटन करावे. छाया सरकते, म्हणून तिच्या कडा प्रथमच आखाव्यात.

४. जलरंग पारदर्शक असतो. कागदाचा पांढरेपणा हाच चित्रातील उजेड. तो झाकला की परत आणणे कठीण. यास्तव उन्हातील भिंत कोरी वा अगदी फिकट ठेवावी.

५. तांबड्यात पिवळा व किंचित निळा मिसळून छपरावर पातळ थर द्यावा. प्रत्येक कवेलू काढू नये; कडेची चार-पाच पुरेत.

६. थर पूर्ण वाळल्यावर छपराखालील छाया निळसर करड्या रंगाने एकाच हाताने द्यावी. ओल्यावर पुन्हा कुंचला फिरविल्यास रंग मळतो. या छायेनेच छप्पर पुढे येते व सपरीस खोली लाभते.

शिक्षकांस सूचना : फळ्यावर तयार चित्र काढून देऊ नये, मुलाच्या कागदावर स्वतःचा कुंचला चालवू नये. तपासताना सफाईपेक्षा निरीक्षणास अधिक महत्त्व द्यावे. भिंत वाकडी आली तरी चालेल; मात्र ती त्याच घराची असावी. चित्रामागे गावाचे नाव व दिनांक लिहवून ती शाळेत जपावीत. एखादे घर पडल्यावर त्याची तेवढीच खूण उरेल.